सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं: डीओई, ईपीक्यू, भेळेचा स्टॉल आणि बाकीचं

टेम्सकाठ

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सिक्स्थ फॉर्मकडून (इंग्लंडमधल्या शाळेची शेवटची दोन वर्षं) 'एनरिचमेंट'चा, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांचा, फॉर्म घरी येतो. त्यावर पंचवीसेक चौकटी असतात आणि भरून द्यायची मुदत त्याच शुक्रवारी. कशावर खूण करायची, कशावर नाही, आणि एकदा केली की पुढे नेमकं काय करावं लागतं, यासाठी हा धागा. "आमच्या चिरंजीवांनी कसं केलं" यासाठी दुसरे धागे आहेत. इथे नियम, मुदती, प्रमाणं आणि कुठे अडतं तेवढंच लिहूया.

आधी नावांचा घोळ मिटवू. इथली इयर १२ म्हणजे आपली अकरावी, इयर १३ म्हणजे बारावी. "नात बारावीत गेली" असं फोनवर सांगितलं की तिकडे आजी-आजोबा एक वर्ष आधीच पेढ्यांच्या तयारीला लागतात.

सुरुवात मीच करतो. कागदावर दोन वर्षं दिसतात, पण हातात असतात ते इयर १२ चे सप्टेंबर ते जुलै असे दहा-अकरा महिने. त्यातले मे आणि जून परीक्षेचे. या परीक्षेवरून शाळा अंदाजित ग्रेड ठरवते आणि विद्यापीठांकडे तीच जाते, म्हणून त्या आठवड्यांत नवीन काही सुरू करू नये. इयर १३ चा सप्टेंबर उजाडला की यूकासचा (विद्यापीठ प्रवेशाची सामाईक यंत्रणा) अर्ज. ऑक्सफर्ड, केंब्रिज, वैद्यकीय, दंत आणि पशुवैद्यकीय यांची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीच्या मध्यावर (२०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती). शाळेची स्वतःची आतली मुदत याच्या तीन-चार आठवडे आधी असते, कारण शिक्षकांना शिफारसपत्र लिहायचं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात मुलाखती, त्यांच्या आगेमागे मॉक, म्हणजे सराव परीक्षा. अर्जात उपयोगी पडावी अशी कुठलीही गोष्ट इयर १३ मध्ये सुरू करून हाती लागत नाही.

सह्यकडा

डीओई, म्हणजे ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराचं 'गोल्ड' (सर्वात वरची पायरी, तिच्याखाली सिल्व्हर), याबद्दल लिहितो. सर्वात जास्त अर्धवट सुटतं ते हेच.

एकूण पाच भाग: स्वयंसेवा, शारीरिक, कौशल्य, मोहीम आणि निवासी शिबिर. स्वयंसेवा १२ महिने. शारीरिक आणि कौशल्य यांपैकी एक १२ महिने, दुसरं ६. आठवड्याला सरासरी तासभर. सिल्व्हर न करता थेट गोल्डला बसणाऱ्यांना आणखी ६ महिने जास्त: स्वयंसेवेत, किंवा शारीरिक-कौशल्यातला जो भाग लांबचा असेल त्यात. म्हणजे एक भाग १८ महिन्यांचा. इयर १२ च्या सप्टेंबरात सुरू केला तर तो इयर १३ च्या मार्चमध्ये संपतो. ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर बघू म्हटलं की गाडी थेट ए लेव्हलच्या (इयर १३ अखेरच्या) परीक्षेवर आदळते. वयाची मुदत मात्र २५ व्या वाढदिवसापर्यंत आहे, त्यामुळे शाळा सुटली म्हणून पुरस्कार सुटत नाही. विद्यापीठात पुरा करता येतो.

अडतं ते कागदावर. ऑनलाइन खात्यात नाव नोंदवून भाग सुरू केल्याची तारीख टाकायची असते, आणि त्याआधी केलेलं काम सहसा धरत नाहीत. आठ वर्षं तबला शिकत असलात तरी मोजणी नोंदीच्या दिवसापासून. दुसरं म्हणजे मूल्यमापकाचा अहवाल. तो नातेवाईक चालत नाही. भाग संपला त्या आठवड्यातच अहवाल मागून घ्या. शिक्षक बदलतात, क्लब बंद पडतात, आणि वर्षभराचं काम पुराव्याविना लटकतं.

कोकणकन्या_यूके

रुमाल टाकून ठेवतेय, पण आधी तीन प्रश्न. रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलं तर स्वयंसेवा धरतात का? कथक कौशल्यात की शारीरिकमध्ये? आणि उन्हाळ्यात सहा आठवडे भारतात गेलं तर सातत्य मोडतं का?

सह्यकडा

@कोकणकन्या_यूके,

मराठी शाळा चालते, दोन अटींवर. शाळा ना-नफा हवी (मंडळाची किंवा धर्मादाय नोंदणीची) आणि मोबदला घ्यायचा नाही. कुणाच्या खाजगी फी घेणाऱ्या क्लासला फुकट मदत केली तर ती धंद्याला मदत, स्वयंसेवा नव्हे. अहवाल तिथल्या मुख्य शिक्षिकेने लिहायचा. आई तिथे शिकवत असेल तर दुसऱ्या कुणीतरी.

नृत्य शारीरिकमध्ये जातं, म्हणून कथक, भरतनाट्यम तिथे. गायन, वादन कौशल्यात: तबला, पेटी, ढोलसुद्धा. एकच तास दोन्हीकडे मोजायचा नाही.

सहा आठवड्यांची रजा घेतली म्हणून भाग बाद होत नाही. तेवढे आठवडे शेवटी जोडायचे. दोन महिन्यांचं काम एका आठवड्यात 'उरकून' मात्र चालत नाही.

निवासी शिबिराबद्दलही इथेच सांगतो, कारण ते सगळे शेवटी आठवतात. पाच दिवस, चार रात्री, आणि सोबतची बहुतेक माणसं अनोळखी हवीत. मंडळाचं ओळखीच्या पोरांचं शिबिर यात बसत नाही. काही विद्यापीठांच्या निवासी उन्हाळी शाळा बसू शकतात, पण आधी शाळेतल्या डीओई समन्वयकाकडून लेखी होकार घ्या.

चकलीचा_सोऱ्या

मोहिमेच्या जेवणाबद्दल कुणी लिहील का? शाकाहारी मुलांना दुकानातली पाकिटं मिळतात, पण महाग आणि चवीला यथातथाच.

सह्यकडा

गोल्डची मोहीम चार दिवस, तीन रात्रींची. त्याआधी प्रशिक्षण आणि एक सराव मोहीम. गट ४ ते ७ जणांचा. दर दिवशी किमान ८ तासांचं नियोजित काम, त्यातला निदान अर्धा वेळ प्रत्यक्ष प्रवास. काळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. शाळा बहुधा सराव ईस्टरच्या आसपास आणि खरी मोहीम जून-जुलैत ठेवतात.

जेवणाची अट अशी की रोज एक भरपेट जेवण मुलांनी स्वतः शिजवायचं (शेवटच्या दिवशी ऐच्छिक). त्यामुळे चार दिवसांच्या दशम्या आणि लाडू बांधून दिले की झालं, असं होत नाही. दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी हे दुपारच्या खाण्याला उत्तम, पहिले दोन दिवस. गटात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, ते आधी विचारा.

रात्रीसाठी घरी तयार केलेला कोरडा उपमा: माणशी ८० ते १०० ग्रॅम रवा कोरडाच खमंग भाजून, थोड्या तेलात फोडणी करून त्यात परतून, पूर्ण गार झाल्यावर मीठ, साखर आणि दुकानातले वाळवलेले मटार-गाजर मिसळून पिशवी बंद. तळावर रव्याच्या तिप्पट उकळतं पाणी घालून झाकण ठेवायचं, पाच मिनिटं. रवा गरम असताना पिशवी बांधली तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी गोळे. तांदूळ-डाळीची खिचडी मोहात पाडते पण इंधन खाते; तांदळाऐवजी दलिया किंवा कुसकुस घ्या, आणि डाळ हवीच असेल तर मुगाची, तीही आधी भाजून भरड काढलेली.

चूल बहुतेक ठिकाणी ट्रँजिया, स्पिरिटवर चालणारी. तिची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असं समजून गरम बर्नरमध्ये वरून स्पिरिट ओततात आणि बाटलीच पेट घेते. बर्नर हाताला गार लागेपर्यंत पुन्हा भरायचा नाही. शाळा हे शिकवते, पण पावसात कुडकुडत असताना विसरतात ते नेमकं हेच.

पिशवीचं वजन स्वतःच्या वजनाच्या चौथाईपेक्षा जास्त नको. ५२ किलोच्या मुलीला १३ किलो. तंबू वाटून घ्यायचा: एकीकडे कापड, एकीकडे काठ्या, एकीकडे खुंट्या आणि चूल. बूट सरावाच्या किमान महिनाभर आधी घेऊन रोज घालायचे.

मार्गपत्रक भरताना नेस्मिथचा नियम सांगतात: ताशी ५ किलोमीटर, शिवाय चढाच्या दर १०० मीटरला १० मिनिटं. हा वेग हलक्या पिशवीच्या, सरावलेल्या माणसाचा आहे. मुलांच्या गटाला ताशी ३ ते साडेतीन धरा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तळावर पोचायला रात्रीचे नऊ होतात.

तळटीप

आता ईपीक्यू. एक्स्टेंडेड प्रोजेक्ट, म्हणजे अर्ध्या ए लेव्हलच्या तोलाचा एक प्रकल्प. ए-स्टारला यूकासचे २८ गुण, ए ला २४, बी ला २०. एकूण १२० तासांचं काम धरलेलं असतं. एक्यूए या परीक्षामंडळाच्या आराखड्यात त्यातले ३० तास संशोधनाची कौशल्यं शिकवण्याचे, उरलेले विद्यार्थ्याचे स्वतःचे.

रूपं दोन: साधारण ५,००० शब्दांचा निबंध, किंवा एखादी 'वस्तू' (यंत्र, लघुपट, पोशाख, संगीतरचना) आणि सोबत किमान १,००० शब्दांचा अहवाल. दोन्हीत शेवटी त्या विषयातल्या तज्ज्ञ नसलेल्या श्रोत्यांपुढे सादरीकरण आणि प्रश्नोत्तरं.

पालकांची समजूत असते की निबंध चांगला झाला की ग्रेड आली. एक्यूएमध्ये ५० गुण असे वाटले आहेत: नियोजन २० टक्के, स्रोतांचा वापर २० टक्के, प्रकल्प घडवून पुरा करणं ४० टक्के, परीक्षण आणि सादरीकरण २० टक्के. म्हणजे साठ टक्के गुण निबंधाच्या आजूबाजूच्या कामाला, आणि त्याचा पुरावा 'प्रॉडक्शन लॉग'मध्ये. हा लॉग मार्चमध्ये बसून मागच्या तारखा टाकून लिहिला की परीक्षकाला लगेच कळतं, कारण त्यात चुका नसतात. खऱ्या लॉगमध्ये शीर्षक बदललेलं असतं, एक स्रोत कुचकामी निघालेला असतो, एक मुलाखत रद्द झालेली असते. आठवड्याला दहा ओळी, त्याच दिवशी. बस.

शीर्षक प्रश्नार्थक आणि अरुंद हवं. 'भारतातील साथीचे रोग' हे शीर्षक नव्हे, तो ग्रंथालयाचा एक मजला झाला. '१८९६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या साथीत सक्तीच्या उपायांमुळे लोकांनी रुग्ण लपवले का?' हे चालतं, आणि वैद्यकीयला जाणाऱ्यांना शोभतं. १८९७ चा साथरोग कायदा तिथूनच आला. वेलकम कलेक्शन या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहात त्या साथीची छायाचित्रं घरबसल्या पाहता येतात आणि इंडिया ऑफिसची (भारताचा कारभार पाहणारं तेव्हाचं ब्रिटिश खातं) दप्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मराठी वाचता येणाऱ्या मुलाला इथे जास्तीची बाजू मिळते: त्या काळची मराठी वर्तमानपत्रं हा वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती नसलेला स्रोत. उतारा भाषांतर करून जोडायचा आणि भाषांतर स्वतःचं आहे हे लिहायचं.

भूगोल किंवा भौतिकशास्त्रवाल्यांसाठी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि जलाशयाचा त्याच्याशी संबंध. पण सावध: ए लेव्हलच्या अभ्यासक्रमात जे शिकवलं जातं तेच प्रकल्पात चालत नाही. भूगोलात भूकंप असतील तर जलाशय हाच गाभा आहे हे प्रस्तावातच दाखवावं लागतं.

भूमिती_७

तळटीप, पहिल्या दोन परिच्छेदांशी सहमत, पण प्रत्येकाने ईपीक्यू करावा असा सूर नको. चार ए लेव्हल घेतलेल्या, त्यातही फर्दर मॅथ्सवाल्या (गणिताचा दुसरा, जादा ए लेव्हल) मुलाला हे १२० तास कुठून काढायचे? ऑक्सफर्ड-केंब्रिज ईपीक्यू ऑफरमध्ये ('अमुक ग्रेड आल्या तर जागा' असं विद्यापीठाचं पत्र) धरत नाहीत.

गणितवाल्यांसाठी स्वस्त आणि मस्त पर्याय म्हणजे यूकेएमटी या गणित-संस्थेची सीनियर चॅलेंज ही स्पर्धा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ९० मिनिटं, २५ बहुपर्यायी प्रश्न. सुरुवातीला २५ गुण हातात देतात, बरोबरला ४ मिळतात, चुकीचा एक जातो. म्हणून शेवटच्या दहात सरसकट ठोकाठोकी करू नये. पाचपैकी दोन पर्याय नक्की कापता आले तर ठोकणं फायद्याचं. नोंदणी शाळा करते, पालकाला करता येत नाही, त्यामुळे सप्टेंबरात गणित विभागाला विचारायचं. रसायनाचं ऑलिम्पियाड जानेवारीत, दोन तासांचं. इयर १२ साठी जूनमध्ये केंब्रिज केमिस्ट्री चॅलेंज असतं, ते जास्त पोरांच्या आवाक्यातलं.

तळटीप

@भूमिती_७, मान्य. मात्र काही विद्यापीठं ईपीक्यूत ए मिळाला तर ऑफर एका ग्रेडने खाली आणतात. अशी किमान दोन यादीत असतील तर १२० तास वसूल होतात. नसतील तर विषयाची खरी ओढ हवी. नुसतं 'बरं दिसतं' म्हणून घेतलेला ईपीक्यू फेब्रुवारीत मरतो.

एआयबद्दल विचारलं जाईलच, म्हणून आधीच: परीक्षामंडळांचा सामाईक नियम असा की वापरलं तर सांगायचं. साधनाचं नाव, तारीख, काय विचारलं आणि काय उत्तर आलं त्याची प्रत जपून ठेवायची. न सांगता उचललेला मजकूर हा गैरप्रकार धरला जातो.

मोहरीची_फोडणी

चॅरिटी वीक (धर्मादाय निधी जमवण्याचा आठवडा) आणि 'कल्चर डे' यावर कुणी बोललं नाही अजून. सिक्स्थ फॉर्मची मुलं हे चालवतात आणि मराठी घरांची मदत लागते ती इथेच, म्हणजे स्वयंपाकघरात. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ॲलर्जी. इथल्या कायद्यात १४ पदार्थ आहेत आणि आपल्या डब्यातले कितीतरी त्यात बसतात, आपल्याला पत्ताही नसतो.

मोहरी: यादीत आहे. म्हणजे फोडणी घातलेलं सगळंच. तीळ: तिळगूळ उघड आहे, पण गोड्या मसाल्यातही तीळ असतात, ते कुणाला आठवत नाही. हिंग: डबीतला बहुतेक हिंग गव्हाच्या पिठात मळलेला असतो. 'ढोकळा बेसनाचा, ग्लुटेन नाही' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. तांदळाच्या पिठातला हिंग आणा किंवा गहू लिहा. शेंगदाणे आणि काजू-बदाम हे दोन वेगळे वर्ग आहेत, वेगवेगळे लिहायचे. बेदाण्यात सल्फाइट असू शकतं, पाकिटावर बघायचं. तूप म्हणजे दूध. नारळ आणि बेसन मात्र यादीत नाहीत.

२०१६ साली पंधरा वर्षांची एक मुलगी विकत घेतलेल्या सँडविचमधल्या, वेष्टनावर न लिहिलेल्या तिळामुळे गेली. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे: विक्रीच्या जागीच आधी बांधून ठेवलेल्या पदार्थावर सगळे घटक आणि त्यात ॲलर्जीचे ठळक. वर्षाकाठी एखाद्या वेळी लावलेल्या धर्मादाय स्टॉलला तो बहुधा थेट लागू नसतो, पण शाळा तो लावतेच, आणि लावावाच. घटकांचा कागद घरीच, स्वयंपाक करतानाच लिहायचा. शाळेत पोचल्यावर आठवून लिहिलेल्या कागदात नेमका हिंग राहतो.

बऱ्याच शाळा पूर्ण 'नट-फ्री' असतात. तिथे चिवडा, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू बाद. कूट वगळून खिचडी करता येते हे खरं, पण घरच्या कढईला, मिक्सरला, पोळपाटाला कूट लागलेलं असतं. धुवून ते जाईलच असं धरू नका.

दुसरी गोष्ट तापमान. गरम पदार्थ ६३ अंशांच्या वर ठेवायचा. त्याखाली आला तर एकदाच, फार तर दोन तास. थंड पदार्थ ८ अंशांखाली. बाहेर काढून ठेवला तर चार तास. सकाळी सातला घरून निघालेले बटाटेवडे दुपारी साडेबाराला देता येत नाहीत, आणि शाळेत तळायची परवानगी मिळणार नाही. शिजवलेल्या भाताचा मसालेभात सगळ्यात धोक्याचा. त्यातला जिवाणू पुन्हा गरम केल्यानेही निष्प्रभ होत नाही, कारण त्याचं विष उष्णतेला दाद देत नाही.

म्हणून भेळ. आग नाही, तळण नाही, अंडं नाही.

१०० जणांसाठी: कुरमुरे २ किलो, बारीक शेव दीड किलो, उकडलेले बटाटे ३ किलो, कांदे २ किलो, टोमॅटो २ किलो, चिंच-खजुराची चटणी २ लिटर, हिरवी चटणी १ लिटर, कोथिंबिरीच्या ४ मोठ्या जुड्या, १२ लिंबं. ३०० मिलीचे कागदी पेले आणि लाकडी चमचे ११०. शेवेच्या पाकिटावरचे घटक वाचा, हिंग तिथेही असतो. पुरी चुरून घालायची तर गहू लिहा, नाहीतर वगळा.

जेवणाची सुट्टी ५० मिनिटांची असली तरी विक्रीला ३५ मिनिटंच मिळतात. म्हणजे मिनिटाला तीन पेले. एक मोठं पातेलं कालवून ठेवलं की दहा मिनिटांत त्याचा लगदा. दोन जण कालवणारे, एका वेळी पाच-पाच पेल्यांचं, एक चटणी विचारणारा, एक पैसे घेणारा. पैसे घेणाऱ्याने अन्नाला हात लावायचा नाही.

कार्डचं यंत्र शाळेच्या वायफायवर बहुधा चालत नाही, मोबाईल डेटा लागतो. २ पौंड असा गोल भाव ठेवा. दीड ठेवला तर सुट्ट्याच्या शोधात रांग तुंबते. शेवटी रोकड दोघांनी मोजून दोघांनी सही.

नळस्टॉपचा_चहा

मोहरीताई, वाचनखूण साठवली. चहाचं काय? आमची मंडळी चहाशिवाय स्टॉल मानत नाहीत.

मोहरीची_फोडणी

@नळस्टॉपचा_चहा, चहा अडतो तो विजेवर. एका एक्स्टेन्शनवर १३ अँपिअर, म्हणजे सुमारे ३,००० वॉट. एक किटली एकटीच तेवढं घेते. दोन लावल्या की फ्यूज, आणि त्याच फेजवर नाचाचा स्पीकर असतो. शिवाय घरून आणलेल्या उपकरणावर विद्युत तपासणीचं स्टिकर नसेल तर शाळेचा साइट मॅनेजर ते लावू देत नाही. शाळेच्या कँटीनचा अर्न (पाणी तापवायचं मोठं भांडं) आठवडाभर आधी मागा, मसाला घरून कुटून न्या. आणि दूध यादीत आहे, ओटचं घेतलंत तर ओटही ग्लुटेनच्या वर्गात आहे.

पैठणी_आणि_पार्का

सजावटीचं थोडं. पणत्या पेटवायला परवानगी नसते, बॅटरीच्या घ्या. उदबत्ती आणि धूप धूर-शोधकाला चालू करतात आणि हजार-दीड हजार मुलं मैदानात येऊन उभी राहतात. सभागृहात धूर-यंत्रालाही तेच. रांगोळी थेट फरशीवर काढू नये: गुळगुळीत व्हायनिलवर तिचे कण पायाखाली घसरतात. चार फूट बाय चार फुटांचा प्लायवूड काळा रंगवून त्यावर काढा, कडेला पट्टी ठोका, दारापासून दूर ठेवा. रंगवलेले तांदूळही चालतात आणि उचलायला सोपे.

तारखेचंही बघा. २०२६ मध्ये दिवाळी ८ नोव्हेंबरला, बहुतेक शाळांच्या ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर. सभागृह मात्र सप्टेंबरातच अडकवावं लागतं, कारण नोव्हेंबरात तिथे मॉकची टेबलं मांडतात.

टेम्सकाठ

हेड गर्ल, हेड बॉय, प्रिफेक्ट या विद्यार्थी-प्रतिनिधींच्या निवडीबद्दल थोडक्यात. बहुतेक ठिकाणी इयर १२ च्या वसंत सत्रात: अर्जाचं पत्र, भाषण, मतदान, मुख्याध्यापकांची मुलाखत. नुसत्या मतांवर निवड होत नाही, हजेरी आणि शिक्षकांचा शेरा बघतात. भाषण दोन-तीन मिनिटांचं. 'कँटीनचे भाव कमी करू' असली मुलाच्या हातात नसलेली आश्वासनं मुलाखतीत उलटतात. खालच्या वर्गांसाठी दुपारचा गणित-मदत तास, कोणत्या खोलीत, कोणत्या वारी, किती जण मिळून: असलं काहीतरी ठोस हवं.

स्टेथो_आणि_सोलकढी

कामाचा अनुभव. इयर १२ च्या जून-जुलैत शाळा एक आठवडा मोकळा सोडते. जागा शोधायची विद्यार्थ्यानेच, आणि पत्रं ऑक्टोबर ते जानेवारीत गेली पाहिजेत. शाळेच्या फॉर्मवर मालकाच्या 'एम्प्लॉयर्स लायबिलिटी' विम्याचा क्रमांक लागतो. छोट्या दुकानदाराकडे किंवा घरून काम करणाऱ्या सल्लागाराकडे हा विमा नसतो आणि जूनमध्ये सगळं फिसकटतं. पहिल्याच पत्रात विचारा.

वैद्यकीयवाल्यांनो, ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात बसणं वाटतं तेवढं सोपं नाही. गोपनीयतेमुळे विद्यार्थी स्वतः किंवा त्याचं कुटुंब जिथे रुग्ण म्हणून नोंदलेलं आहे, तो दवाखाना बहुधा नकार देतो. रॉयल कॉलेज ऑफ जीपीजचा (जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर) 'ऑब्झर्व्ह जीपी' हा कार्यक्रम १६ वर्षांवरच्यांना ऑनलाइन, फुकट आहे. पण मुलाखतीत वजन पडतं ते वृद्धाश्रमात किंवा धर्मादाय दुकानात सहा महिने, दर आठवड्याला गेल्याचं. ते डीओईच्या स्वयंसेवेतही मोजता येतं, एका दगडात दोन पक्षी.

आणि हे सगळं यूकासच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये कुठे जातं? २०२६ च्या प्रवेशापासून एकसंध निबंध गेला, तीन प्रश्न आले: हा विषय का, अभ्यासाने तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलं व ते का उपयोगी. मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागांसह. प्रत्येकी किमान ३५०. डीओई, स्टॉल, प्रिफेक्टपद हे तिसऱ्यात. ईपीक्यू दुसऱ्यात. तिसऱ्यात यादी लिहू नका. दोनच गोष्टी घ्या आणि त्यांचा विषयाशी धागा जोडा. भेळेच्या स्टॉलचं उदाहरण बिझनेसच्या अर्जात रांगेच्या वेगाबद्दल असावं, अन्नविज्ञानाच्या अर्जात तापमानाबद्दल.

ग्लासगोकर

स्कॉटलंडवाल्यांनी वरचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये. इथे हायर्स (विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षा) एस ५ या शेवटून दुसऱ्या वर्षातच होतात, म्हणजे विद्यापीठाला लागणारे ग्रेड बरेचदा एस ६ या शेवटच्या वर्षाआधीच हातात. ईपीक्यूची प्रथा नाही. मोकळीक एस ६ मध्ये मिळते, त्यामुळे नेतृत्वपदं, स्वयंसेवा, शो सगळं त्या वर्षात. डीओईचे नियम तेच. शाळा जूनअखेर सुटते आणि निकाल ऑगस्टच्या सुरुवातीला, इंग्लंडच्या आधी.

कोकणकन्या_यूके

शेवटचा प्रश्न, तिकिटांचा. ए लेव्हलचा शेवटचा पेपर १५ जूनला संपत असेल तर १७ चं विमान धरता येईल का? लीव्हर्सचा (शाळा सोडणाऱ्यांचा) कार्यक्रम, प्रॉम म्हणजे निरोपाची पार्टी वगैरे कधी असतं?

भूमिती_७

@कोकणकन्या_यूके, नाही. परीक्षामंडळं दरवर्षी जूनच्या शेवटी एक 'कंटिन्जन्सी' दिवस राखून ठेवतात; २०२६ साठी तो २४ जून. देशभर काही गडबड होऊन पेपर पुढे गेला तर तो त्या दिवशी होतो, आणि त्या दिवसापर्यंत प्रत्येक परीक्षार्थी हजर राहू शकला पाहिजे. सुट्टीसाठी परदेशी गेलो होतो हे कारण धरत नाहीत. २५ जूनपासूनचं तिकीट काढा.

लीव्हर्स असेंब्ली मेच्या उत्तरार्धात, अभ्यासरजेआधी. शाळा सोडणाऱ्यांसाठी आठवणीची हुडी करतात, तिच्यावर मागे सगळ्यांची नावं छापतात. त्यासाठी यादी फेब्रुवारीत जाते, आणि आपल्या नावांची स्पेलिंग मुलांनी स्वतः तपासायची, कारण छापल्यावर बदलून मिळत नाही. प्रॉम बहुतेक जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे २५ चं तिकीट काढण्याआधी प्रॉमची तारीखही विचारा. घरात त्यावरून जास्त रडारड होते.

परतीचंही बघा. २०२६ चा निकाल गुरुवारी १३ ऑगस्टला. ग्रेड कमी पडली तर क्लिअरिंगचे (उरलेल्या जागा भरण्याच्या फेरीचे) फोन सकाळी आठपासून सुरू होतात आणि विद्यापीठं विद्यार्थ्याशीच बोलतात, बाबांशी नाही. यूकासमध्ये 'नॉमिनेटेड' व्यक्ती म्हणून पालकाचं नाव आधी घातलं असेल तर तो अर्जाबद्दल बोलू शकतो, पण जागा द्यायची की नाही हे त्या मुलाच्या तोंडून ऐकूनच ठरवतात. पुण्याहून करायचं तर तिथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, नेट चालू हवं आणि फोनवर आंतरराष्ट्रीय कॉल सुरू असलेले हवेत. १२ ला परत आलेलं बरं.

कोकणकन्या_यूके

२६ जून ते १० ऑगस्ट धरते. डीओईचे सहा आठवडे शेवटी जोडायचे, ते लक्षात आहे.